उंटाविना राजस्थान

सय्यद हैदर रझा या थोर चित्रकाराचे ‘राजस्थान’ नावाचे चित्र मी एका पुस्तकात पाहिले. त्यात उंट नाही, किल्ला नाही, फेटा बांधलेला माणूसही नाही. आहेत ते केवळ रंगांचे चौकोन: धगधगता तांबडा, हळदीसारखा पिवळा आणि मधूनमधून गडद काळा. दिग्रसच्या आमच्या शाळेत मी ते पुस्तक दाखविले, तेव्हा एका विद्यार्थ्याने विचारले, “सर, यात राजस्थान कुठे आहे?” प्रश्न रास्त होता.

रझांना हुबेहूब चित्र काढता येत नव्हते, असे मात्र कोणी समजू नये. त्यांचा जन्म १९२२ साली आजच्या मध्य प्रदेशातील मंडला जिल्ह्यात झाला. नागपूरच्या चित्रशाळेत व पुढे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत ते शिकले. १९४८ साली ते काश्मीरला गेले आणि तेथील देखावे त्यांनी रंगविले. तेथे आंरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकाराने त्यांची चित्रे पाहून सांगितले की, तुमच्यापाशी गुण आहेत, पण चित्रांत बांधणी नाही. सेझान या चित्रकाराचा अभ्यास करा. दुसरा एखादा रुसून बसला असता! रझा फ्रेंच भाषा शिकू लागले आणि १९५० साली शिष्यवृत्ती मिळवून पॅरिसला गेले. फ्रान्समध्ये ते जवळजवळ साठ वर्षे राहिले.

तरीही बालपणीचे अरण्य त्यांच्या मनातून गेले नाही. वडील वनखात्यात नोकरीस होते. रात्री रानातला अंधार भिववी. उजाडले की जीव भांड्यात पडे आणि बाजाराच्या दिवशी तर रंगांची नुसती लयलूट असे. हे त्यांनी स्वतःच सांगून ठेवले आहे. मला वाटते, राजस्थानच्या चित्रातला तो काळा रंग वाळवंटातला नसून मंडल्याच्या रात्रीचा असावा. रझा प्रवासाला निघत, तेव्हा मंडलाही त्यांच्याबरोबर निघे.

आमच्या वर्गातही एकदा असेच घडले. मुले सहलीला जाऊन मुंबई पाहून आली, तेव्हा मी त्यांना समुद्र काढावयास सांगितले. बहुतेकांनी निळे पाणी, नारळाची झाडे व मावळता सूर्य असे कॅलेंडरातले चित्र उतरविले. एका कास्तकाराच्या मुलीने मात्र पाणी काळ्या मातीच्या रंगाचे केले, लाटा नांगराच्या तासांप्रमाणे सरळ ओळींत काढल्या आणि त्यांवरचा फेस वेचणीला आलेल्या कापसासारखा रंगविला. मुले हसली. “अगं, हे तर शेत आहे!” कोणीतरी म्हणाले.

“मला तसाच दिसला,” ती शांतपणे म्हणाली.

ते चित्र मी माझ्या खोलीत, भारताच्या नकाशाशेजारी लावून घेतले.