रेघ उसनी, टाका आपला

भरतकाम शिकायला बसलेल्यांना सुईपेक्षा कोऱ्या कापडाची धास्ती जास्त. नक्षी आयती घेऊन छापायची, याचाही मनात थोडा संकोच असतो.

तो सोडावा आणि आधी कापड धुवावं. खळ गेली नाही तर पहिल्याच धुण्यात कापड आटतं आणि भरलेलं फूल आक्रसतं. मलमल असेल तर खिडकीची काच पुरते: खाली नक्षीचा कागद, वर कापड, मागून ऊन. जाड कापडाला शिवणाचा कार्बन लागतो, गडद रंगावर पिवळा किंवा पांढरा. टायपिंगचा काळा कार्बन मात्र नको, त्याचा डाग हटत नाही.

मला सगळ्यांत आवडतो तो खाका. ट्रेसिंग पेपरवर उतरवलेल्या रेघेवर सुईने दाट भोकं पाडायची. मागून बोट फिरवलं की खरखर लागली पाहिजे. मग कागद कापडावर टाचायचा आणि रॉकेलमध्ये कालवलेल्या निळीत बोळा भिजवून, घट्ट पिळून वरून फिरवायचा. गडद कापडाला निळीऐवजी झिंक पावडर. कागद उचलला की ठिपक्यांची वेल उमटलेली असते. रॉकेल उडून जातं, वास तेवढा रेंगाळतो.

खाका एका कापडावर संपत नाही. तो शेजारी उसना जातो. तीच कोयरी एका घरी उशीच्या अभ्र्यावर साखळी टाक्याने भरली जाते, दुसऱ्या घरी झबल्यावर नुसत्या धावदोऱ्याने. कोयरी एकच, पण कुठली कुणाची हे टाक्यावरून ओळखू येतं.

लखनौच्या चिकनकारीतही लाकडी ठशांनी नक्षी छापणारा वेगळा आणि ती भरणाऱ्या बायका वेगळ्या. काम झालं की धोबी छाप धुऊन टाकतो. धारवाडकडच्या कसुतीत तर रेघच नसते. इरकलीवरचं गोपूर धागे मोजून उभं राहतं. पण ती मोजणीही कुणाकडून तरी शिकलेलीच असते.

नवख्या हाताने एवढंच सांभाळावं: टाका रेघेवर किंवा केसभर बाहेर घ्यावा. आत घेतला तर निळी कड उघडी पडते. उसन्या रेघेचा मान ती पुरती झाकण्यात आहे. ती झाकली की मग नक्षी कुठून आणली, हे कुणी विचारत नाही; भरली कुणी, एवढंच विचारतात.