आवाजावरून ओळखलेला पक्षी

एखादा पक्षी वेगळ्या जातीचा आहे हे कशावरून ओळखायचं? वर्गात विचारलं की उत्तरं ठरलेली असतात: रंग, चोच, पिसं. फिलिपाईन्समधल्या बुकिडनॉन वुडकॉकची गोष्ट मात्र निराळी आहे.

वुडकॉक म्हणजे आपल्या पाणलाव्याचा जंगलात राहणारा नातेवाईक. लांब सरळ चोच, आखूड पाय आणि अंगावर वाळक्या पाचोळ्यासारखी नक्षी. दिवसा तो पाचोळ्यात गप्प बसतो, जवळ जाऊनही दिसत नाही. डोळे इतके मागे की मान न वळवता त्याला पाठीमागचंही दिसतं. चोच मातीत खुपसून तो गांडुळं शोधतो.

लुझॉन आणि मिंडानाओ बेटांवरच्या उंच डोंगरी जंगलांत हा पक्षी होताच. त्याचे नमुने संग्रहालयातही होते, पण दिसायला सारखा म्हणून त्याला युरेशियन वुडकॉक समजलं गेलं. म्हणजे हिवाळ्यात उत्तरेकडून येणारा पाहुणा! 1990 च्या दशकात बुकिडनॉन प्रांतातल्या किटांगलाड पर्वतावर, संधिप्रकाशात जंगलावरून उडताना त्यानं घातलेली साद अभ्यासकांनी ऐकली. ती युरेशियन वुडकॉकची नव्हती. शिवाय ती होती विणीच्या काळातली साद, म्हणजे हा पाहुणा नव्हे, घरचाच! 2001 मध्ये रॉबर्ट केनेडी आणि सहकाऱ्यांनी तो स्वतंत्र जात म्हणून जाहीर केला.

ही गोष्ट मला शिक्षिका म्हणून जवळची वाटते. माझ्या चौथीच्या वर्गात एक मुलगा कधी हात वर करत नाही. परिसर अभ्यासाच्या तासाला आम्ही पाच मिनिटं डोळे मिटून आवाज ऐकले. शेवटी तो हळूच म्हणाला, "बाई, टिटवी ओरडतीय. तिच्या अंड्यांजवळ कुत्रं गेलं असंल." खिडकीतून पाहिलं, तर पलीकडच्या माळावर खरंच एक कुत्रं फिरत होतं. त्या दिवसापासून पक्ष्यांची नोंदवही त्याच्याकडे आहे.

'अबोल', 'कच्चा' अशी लेबलं आपणही मुलांना चटकन लावतो. आधी त्यांचा आवाज कानावर तर पडू दे!

उपक्रम: आज संध्याकाळी अंगणात पाच मिनिटं डोळे मिटून बसा. ऐकू आलेले आवाज वहीत लिहा. ओळखू न आलेला आवाजही नक्की लिहा.