मामांची घोडी

आमच्या मामांनी १९७० साली अश्दोदहून मुंबईस धाडलेल्या एका पत्रात छायाचित्र होते. पांढऱ्या मोटारीच्या बॉनेटवर हात टेकून मामी उभ्या आहेत, आणि मागील बाजूस मामांच्या अक्षरात एकच ओळ: "ही आमची घोडी." त्या वेळी आम्ही पाळण्यात होतो. गाडी १९६९ ची आणि आम्हीही १९६९ चेच, हे पुढे कळले. ते छायाचित्र आमच्या आईने कपाटाच्या काचेत लावून ठेवले होते, आणि इस्राएल म्हणजे ही गाडी, अशी बालपणी आमची समजूत होती.

घोडी ही मामांची थट्टा नव्हे. गाडीचे नावच सुसिता. किनेरेत सरोवरावरील टेकडीवर याच नावाचे प्राचीन नगर होते, ग्रीक लोक त्यास हिप्पोस म्हणत, आणि अरामी भाषेत सुसिता म्हणजे घोडी. इत्झाक शुबिन्स्की यांच्या हैफा येथील ऑटोकार्स कंपनीने ही गाडी काढली. सांगाडा लोखंडी, परंतु वरचे अंग पत्र्याऐवजी फायबरग्लासचे. इंजिन इंग्लंडहून येई, आरंभी फोर्डचे व पुढे ट्रायम्फचे. हे फायबरग्लास उंट खाऊन टाकतात, असा विनोद या देशात सर्वतोमुखी होता. मामांच्या गाडीस कोणी उंटाने तोंड लावले नाही. तिला खाल्ले ते काळाने. आम्ही डी. एड. करून दोन वर्षे मुंबईत शिकविले आणि १९९३ साली येथे आलो, तेव्हा ती अंगणातल्या छपराखाली ताडपत्री पांघरून उभी होती. १९८४ पासून ती तशीच आहे, एवढेच मामा म्हणाले. का, ते सांगितले नाही. आम्हीही विचारले नाही.

मामा २०१८ साली वारले. मग दादाने, म्हणजे आमच्या मामेभावाने, गाडी पूर्ववत करण्याचे मनावर घेतले. निवृत्तीच्या पैशांतला मोठा भाग त्याने एका गॅरेजला दिला. त्या गॅरेजचे नाव येथे घेत नाही. दीड वर्षाने, २०२२ च्या शरद ऋतूत, गाडी घरी आली ती नव्या नवरीसारखी. रंग आरशासारखा, गाद्या नव्या, क्रोमच्या पट्ट्यांत तोंड पाहावे. शेजारीपाजारी जमले. मामींनी हार घातला, थोडा वेळ घुटमळल्या, आणि मग दादाच्या शेजारी बसल्या. आम्ही मागे.

चार किलोमीटर गेल्यावर गाडी बंद पडली. दहा मिनिटांनी आपोआप सुरू झाली. परतताना एका चौकात दादाने ब्रेक दाबला तो गाडी डावीकडे पदपथाच्या रोखाने ओढली गेली. कोणास काही लागले नाही. परंतु मामींनी दार उघडले, "मी चालत येते" म्हणाल्या, आणि ऐंशी ओलांडलेली ती स्त्री उन्हात चालू लागली. गाडी चांगली नाही म्हणून त्या रागावल्या, असे आम्हांस वाटले. गॅरेजवाल्याने फोनवर सांगितले की जुन्या गाड्या अशाच असतात. त्या रात्री आम्ही दादाला म्हणालो, "तू पैसे रंगाला दिलेस, गाडीला नाही." हे वाक्य खरे होते, परंतु बोलावयास नको होते.

प्रायश्चित्त म्हणून पुढचे सात महिने आमचे प्रत्येक मोकळे दुपार त्या छपराखाली गेले. आम्ही गणिताचे शिक्षक; यंत्रविद्या आम्हांस येत नव्हती. परंतु अध्यापक विद्यालयात हर्बार्टची पंचपदी घोटून घेतली होती, आणि ज्ञाताकडून अज्ञाताकडे, सोप्याकडून कठीणाकडे ही सूत्रे झोपेतही पाठ होती. दोनशे पानी वही केली. डाव्या पानावर लक्षण, उजव्या पानावर केलेला उपाय, आणि एका वेळी एकच बदल हा नियम. रामले येथील एक वृद्ध मेकॅनिक अधूनमधून येत. त्यांनी वही पाहिली आणि म्हणाले, "तीन वस्तू एकदम बदलून गाडी सुरू झाली, तर तुला काय कळले?" आमच्या प्राध्यापकांनी याहून निराळे काय सांगितले होते?

बंद पडण्याचे कोडे प्रथम सुटले. मोकळ्या जागी, टाकीची नळी काढून पंपास एका लहान डब्यातून पेट्रोल दिले. इंजिन चाळीस मिनिटे अखंड चालले. म्हणजे पंप निर्दोष, कार्बोरेटर निर्दोष. दोष डब्याने वगळलेल्या भागात, म्हणजे टाकीत. गॅरेजने टाकी बाहेरून रंगविली होती, आतून पाहिलीच नव्हती. पंप ओढू लागला की गंजाचा गाळ तोंडाशी येऊन बसे आणि पेट्रोल तुटे. इंजिन थांबले की ओढ थांबे, गाळ खाली बसे, आणि गाडी पुन्हा शहाण्यासारखी सुरू होई. टाकी धुऊन काढली, नळ्या बदलल्या, फिल्टर घातला.

दिव्यांचे प्रकरण अधिक मनोरंजक. पुढचे दिवे लावले की इंडिकेटर मंद होत, ब्रेक दाबला की मागे भलताच दिवा लुकलुके. साध्या गाडीत पत्र्याचे अंगच विजेची परतीची वाट असते. फायबरग्लासमधून वीज वाहत नाही. म्हणून प्रत्येक दिव्याची परतीची तार लोखंडी सांगाड्यापर्यंत न्यावी लागते. आणि सांगाडा तर दादाच्या गॅरेजने काळ्या रंगाने सुंदर झाकून टाकलेला! रंगावरच तारा आवळल्या होत्या. वीज बिचारी वाट सापडेल तिकडून, एका दिव्यातून दुसऱ्यात, घरी परतत होती. प्रत्येक जोड कानशीने घासून उघडा केला आणि दिवे जागेवर आले. आम्ही हिवाळाभर ही गोष्ट वर्गात सांगितली. मुलांना विद्युतमंडल प्रथमच आवडले.

पॉइंट, प्लग, टॅपेट, टायमिंग यांविषयी लिहीत बसत नाही. पातळ पट्टीने फट मोजावी आणि पुस्तकात दिली तेवढी ठेवावी, एवढेच ते काम. टायरांवर नक्षी भरपूर होती, परंतु बाजूवरील आकड्यांतील शेवटचे चार २३०४ असे होते: २००४ सालातील तेविसावा आठवडा. अठरा वर्षांचे रबर. ते फेकले.

राहिले ब्रेक. येथे आमचे आणि दादाचे पुन्हा वाजले. २०२३ च्या पेसाहपूर्वी आईला गाडीतून हैफास न्यावे, एलियाहू हनाबीच्या गुहेत दर्शन घ्यावे, मामांच्या वेळी जात तसेच, ही त्याची इच्छा. गाडी आता मधासारखी चालत होती. परंतु ब्रेकच्या रबरी नळ्या आतून सुजलेल्या होत्या, पुढच्या उजव्या चाकाचा सिलिंडर गंजून अडकला होता (म्हणूनच ती डावीकडे ओढे), आणि चारही चाकांना मिळून ब्रेकची वाट एकच. ती तुटली की सगळेच गेले. सामान इंग्लंडहून यावयाचे होते. आम्ही नकार दिला. दादा म्हणाला, "तू शिक्षकच राहिलास. तुला सगळ्यांना नापास करायचे असते." आठ दिवस तो आमच्याशी बोलला नाही.

सामान पेसाहनंतर आले. एका संध्याकाळी आम्ही ब्रेकचे जुने तेल बाटलीत काढीत होतो. गॅरेजने वरून नवे ओतले होते, जुने काढलेच नव्हते. तळाला निघाले ते उकळून काळ्या झालेल्या चहासारखे. कोकणात आपले पूर्वज तेलाचे घाणे चालवीत, शनवार तेली म्हणवीत. त्यांनी असले तेल पाहून तोंड फिरविले असते. मामी चहा घेऊन आल्या आणि बाटलीकडे पाहत उभ्या राहिल्या.

"हे तेव्हाचेच का रे?" त्यांनी विचारले.

"केव्हाचे, मामी?"

मग त्यांनी सांगितले. १९८४ चा उन्हाळा. कार्मेल डोंगरावर कोणा नातलगाकडे जेवण करून तिघे उतरत होते. मागे आमची मामेबहीण. उतार लांब, वळणे पुष्कळ, आणि मामांचा पाय ब्रेकवर. निम्म्या वाटेत पेडल एकाएकी तळास गेले. मामांनी गिअर पाडून, हँडब्रेक ओढून, गाडी एका भिंतीस घासत थांबविली. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने पेडल दाबून पाहिले तर दगडासारखे घट्ट. कोठे गळती नाही, कोठे मोड नाही. तो हसला आणि म्हणाला, पाय चुकला असेल. "मीपण तेच म्हटले," मामी म्हणाल्या. "चारचौघांत म्हटले. म्हटले, तुमचा पाय चुकला आणि पोरीचा जीव जात होता. ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी ताडपत्री घातली."

आम्ही हातातली बाटली खाली ठेवली. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ४ या जातीचे ताजे तेल निदान २३० अंशांपर्यंत उकळू नये असा नियम आहे. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी शिरले की तीच मर्यादा १५५ वर येते. लांब उतारावर ब्रेक सतत दाबून धरले तर तेवढी उष्णता सहज होते. तेल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. पाय तळाला जातो आणि चाकापर्यंत काहीच पोहोचत नाही. पुढे सगळे थंड झाले की वाफेचे पुन्हा तेल होते, आणि दुसऱ्या दिवशी पेडल दगडासारखे. मेकॅनिकला काही सापडावे कसे?

हे आम्ही मामींना समजावून सांगितले. स्वयंपाकघरात राहिलेल्या बाईस वाफ समजावणे अवघड नव्हते. खात्रीने सांगता येणार नाही, एकोणचाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट, हेही सांगितले. बहुधा असेच झाले असावे, असे म्हणालो.

"म्हणजे त्यांचा पाय चुकला नव्हता," मामी म्हणाल्या.

"बहुधा नाही."

"बहुधा," त्या म्हणाल्या, आणि चहाचा रिकामा कप घेऊन आत गेल्या. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत असे दादाने दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितले. आठ दिवसांनंतरचे त्याचे ते पहिले बोलणे. त्याच दुपारी तो छपराखाली आला, आणि नळ्या, सिलिंडर, गाळलेली हवा, नवे तेल, हे सारे आम्ही दोघांनी मिळून केले. एकाने पेडल दाबावयाचे, दुसऱ्याने चाकाशी बसून स्क्रू सोडावयाचा. दाब, सोड, दाब, सोड. एकट्याने होण्यासारखे ते काम नाहीच.

टेस्टला आम्ही प्रथम नापास झालो. हँडब्रेकची तार ढिली निघाली. "मास्तर नापास!" असे दादा सबंध परवाना केंद्रात ओरडला, आणि सात महिन्यांत प्रथमच पोटभर हसला. दुसऱ्या खेपेस पास.

मे महिन्यात निघालो. दादा चाकावर, मामी त्याच्या शेजारी, आम्ही मागे, वही व पाण्याचे कॅन घेऊन. किनाऱ्याच्या रस्त्याने ताशी ऐंशीच्या पुढे जाऊ दिले नाही. शेजारून जाणारे लोक हात हालवीत, हॉर्न वाजवीत, एका वयस्क गृहस्थाने खिडकी खाली करून "उंटांना सांभाळा!" असे ओरडून सांगितले. पारा मध्यावर, तेलाचा दाब ठीक. मामी काही बोलत नव्हत्या.

हैफात गुहेकडे सरळ जाता आले असते; ती डोंगराच्या पायथ्याशी, समुद्राजवळ आहे. परंतु मामी म्हणाल्या, "वर घे. वरून उतरू." दादाने आरशातून आमच्याकडे पाहिले. आम्ही मान डोलावली. कार्मेल चढलो, आणि उतरताना दादाने सुरुवातीलाच दुसरा गिअर टाकला, ब्रेकला मधूनमधूनच पाय लावला. मामींचा एक हात डॅशबोर्डवर होता. निम्म्या उतारावर त्या म्हणाल्या, "इथे थांबव." एका जुन्या दगडी भिंतीशी गाडी उभी राहिली, सरळ, कोणीकडेही न ओढता.

मामी उतरल्या. भिंतीजवळ जाऊन थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग गाडीला वळसा घालून दादाच्या दाराशी आल्या आणि त्याला उतरावयास लावले. आयुष्यात कधी गाडी न चालविलेली ती बाई चाकामागे बसली, आणि हँडब्रेक ओढलेला आहे ना हे आम्हांस विचारून, तिने चपलेसकट उजवा पाय पेडलवर ठेवला. एकदा दाबला. दोनदा दाबला. तिसऱ्यांदा दाबून बराच वेळ तसाच धरून ठेवला.

"घट्ट आहे," त्या म्हणाल्या. "चला, गुहा बंद होईल."

त्या दिवसाच्या पानावर आमच्या वहीत नोंद आहे: अंतर २७६ किलोमीटर, पाणी अर्धा लिटर घातले, ब्रेक ठीक, मागच्या उजव्या इंडिकेटरची काच वाटेत कोठे तरी पडली, मिळविणे.