बारांतला एक

रात्रीचे अकरा. बायोस्टॅटचं सूत्र बाजूला ठेवून आज वहीत चार खणांच्या तक्त्यात माणसंच मांडली. १००० जण, त्यांत १० आजारी. चाचणी आजाऱ्यांतले ९० टक्के पकडते, निरोग्यांतल्या ९० टक्क्यांना बरोबर सोडते. म्हणजे ९ आजारी सापडले; पण ९९० निरोग्यांपैकी ९९ जणांचाही रिपोर्ट पॉझिटिव्ह! एकूण १०८, खरे आजारी ९. बारांत एक. पुन्हा भागून पाहिलं, तेच आलं.

आईचा मॅमोग्राफीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तेव्हा घरात तीन रात्री कुणाचा डोळा लागला नव्हता. बायोप्सीत काहीच निघालं नाही. आईही अशाच नव्व्याण्णवांतली. तेव्हा कुणी आम्हाला एवढं कागदावर मांडून दाखवायला हवं होतं.

उद्या ओपीडी आहे. चार खणांचा हा तक्ता एप्रनच्या खिशात ठेवलाय.