आबाकाकांचं कपाट

आमच्या कुडाळकडच्या घरात माजघराच्या काळोख्या कोपऱ्यात एक कपाट उभं आहे. उंच, अरुंद, एका दाराचं. दाराला काच नाही, नक्षी नाही, मूठसुद्धा नाही. नुसतं किल्लीचं भोक. पाहुण्यांना वाटतं, आत लोणच्याचे सट असतील. तसंच वाटावं ही आबाकाकांची इच्छा. आत बंदुका असतात, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरच्या.

आमच्याकडे बंदूक हे मिरवायचं काम नव्हे. कोयती, फावडं, तशीच ती. भात पोटरीला आलं की डुक्कर, काजू धरला की माकडं. हवेत एक बार काढायचा, जनावर पळवायचं, परत येऊन चहा प्यायचा. माझ्या लहानपणी ती ओटीवर खुंटीला असायची, आजोबांच्या टोपीशेजारी, आणि आम्ही पोरं खालून जाताना मान वर करायचो. आज आठवलं की पोटात गोळा येतो. पुढे 2016 चे शस्त्र नियम आले, परवान्याच्या कागदांत ‘घरी सुरक्षित कशी ठेवता’ हेही आलं, आणि काकांनी खुंटी उपटली.

बाजारात लोखंडी कपाट तयार मिळत होतं. काकांनी दार उघडून आत हात फिरवला आणि म्हणाले, “पावसात ह्याका घाम येतलो.” खरं होतं ते. आमच्या पावसात पत्र्याच्या आतल्या अंगाला दव धरतं, आणि त्या दवात नळी उभी करणं म्हणजे गंज पेरणं. चोर म्हणाल तर लोखंड बरं, हे मीही मानतो. पहार घेऊन आलेल्याला लाकूड किती वेळ थोपवणार? पण काकांची भीती चोराची कमी, घरातल्या पोरांची जास्त होती. त्यांनी लाकूड घेतलं, आणि माझ्या मते चुकले नाहीत.

मेस्त्री आला तो आईनाच्या फळ्या घेऊन. आईन स्वस्त, दणकट, घराच्या वाशांना चालतो. काकांनी त्या परत पाठवल्या. आईन हा हिरड्याचा भाऊबंद. हिरडा नि लोखंड एकत्र आले की शाई होते, पूर्वी पोथ्या त्या शाईने लिहीत. आईनात ठोकलेला खिळा पावसाळ्यात भोवती काळा डाग सोडतो तो त्याच कारणाने. तिथे बंदुकीची नळी टेकवायची? शेवटी जुन्या गोठ्याचा सागवानी सर चिरला. सागाला तेल असतं, वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही आणि लोखंडाशी त्याचं भांडण नाही. इंची जाड फळ्या निघाल्या. मेस्त्रीला हौस आली, म्हणाला दाराला काच लावू, शोभेल. काका म्हणाले, “काच कित्याक? बंदूक बघूक कोण येतलो? येतलो तो चोरच.”

पाठीला प्लायवूड लावायचा बेतही काकांनी हाणून पाडला. पुढे इंची साग आणि मागे पापड, असली कपाटं गावात पुष्कळ आहेत. मला ती छाती काढून चालणाऱ्या आणि पाठ दाखवून पळणाऱ्या माणसासारखी वाटतात. याची पाठही सागाचीच. बिजागऱ्या आतून, म्हणजे बाहेरून पिन ठोकून दार काढता येत नाही. कुलूप दारात कोरून बसवलेलं. कडीला लोंबणारं नको, कारण कडीचे स्क्रू उपटायला पोराचाही हात पुरतो. आणि भिंत? भिंत चिऱ्याची. चिऱ्यात स्क्रू म्हणजे भुसभुशीत ढेकळात काडी. म्हणून चार लांब बोल्ट भिंतीच्या आरपार घालून पलीकडच्या खोलीत लोखंडी पट्टीवर आवळले. कपाट आणि भिंत यांत दोन बोटं फट ठेवली, ओल चढू नये म्हणून. पलीकडे एका बोल्टच्या टोकाला काकीने कालनिर्णय अडकवलंय.

चूक एकच झाली, बनातीची. मेस्त्रीने नळ्या टेकायच्या खाचांना हिरवी बनात चिकटवली. दिसायला राजवाडा! श्रावणात काकांनी बंदूक बाहेर काढली तर खाचेच्या जागी नळीवर बोटभर रुंद तांबूस कडं. बनात ओल पिऊन बसली होती. त्याच दुपारी ती खरवडली आणि उघड्या लाकडाला मेण चोळलं.

खाचा तीन केल्या होत्या, काकांच्या तीन बंदुकांसाठी. ठासणीची, एकनळी आणि दुनळी. ठासणीची पणजोबांपासूनची, तिच्यात काळी दारू, आणि बार काढल्यावर गरम पाण्याने धुतली नाही तर आतली राख हवेतली ओल ओढून नळी खाते. तिचे लाड सगळ्यांत जास्त. 2019 ला कायदा बदलला, एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच. वर्षभरात ठासणीची गेली. तिसरी खाच मोकळी राहिली. मोकळी जागा आमच्या घरात फार दिवस टिकत नाही. तिथे आता काकांची लांब दांड्याची छत्री उभी असते.

काडतुसं मात्र इथे नाहीत. ती दुसऱ्या खोलीत, वेगळ्या पेटीत, वेगळ्या किल्लीत.

किल्लीचं काय सांगावं! एवढा साग, एवढे बोल्ट, आणि किल्ली देवघरातल्या गंगेच्या गडूमागे. काकांचा समज, कुणाला ठाऊक नाही. एका मे महिन्यात माझ्या भावाची सात वर्षांची लेक सगळ्यांसमोर म्हणाली, “आजोबा, गडू घासताना किल्ली पडली होती, मी परत ठेवली हां.” काका काही बोलले नाहीत. जेवणही त्यांनी अर्ध्यावर सोडलं. त्या रात्रीपासून किल्ली त्यांच्या करगोट्याला आहे, आंघोळीलासुद्धा.

वर्षातून एकदा, खंडेनवमीला, दार सताड उघडतं. बंदुका पाटावर येतात, झेंडूचं फूल, अक्षता. कुंकवाचं बोट नळीला नाही, लाकडी दस्त्याला; नंतर कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा हात.

2024 ला लोकसभा आणि विधानसभा दोन्ही आल्या. एकदा काजूच्या हंगामात आचारसंहिता, एकदा भात कापणीला. दोन्ही वेळा बंदुका ठाण्यात जमा, काकांच्या खिशात पावती, आणि बागेत माकडांची सभा. त्या दिवसांत एका रात्री मी पाहिलं, काका नेहमीसारखे उठले, करगोट्याची गाठ सोडवली, कपाटाला किल्ली लावली, दार ओढून पाहिलं.

“काका, रिकामं कपाट कशाला लावताय?”

“रिकामा खंय? आत छत्री आसा.”