शरदाचा घाम

6 ऑक्टोबर 2017ची सायंकाळ. नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकातला न्यूझीलंड-तुर्कस्तान सामना पाचला सुरू झाला, तेव्हा माझा सदरा पाठीला चिकटलेला होता. काल्हेरहून पुतण्याला घेऊन गेलो होतो. खेळ जरा थांबला की ती मुले रेषेकडे धावत, निम्मे पाणी पीत, निम्मे डोक्यावर ओतत. सामना 1-1 असा सुटला. पुतण्याच्या लक्षात गोल राहिले, माझ्या लक्षात ते पाणी.

वर्गात मी शरद शिकवतो तो चांदण्याचा. कोकणपट्टीतला हा महिना त्या शरदात मावत नाही. त्याला नाव द्यायची वेळ आली तेव्हा आपण 'ऑक्टोबर हीट' हे इंग्रजी नाव उसने घेतले. 'वैशाख वणवा' आपल्याकडे आहे, पण वणवा कोरडा. खाडीकाठच्या काल्हेरात छळतो तो ओला उकाडा. घाम येतो, वाळत नाही. आणि घाम वाळल्याखेरीज शरीर निवत नाही. म्हणूनच खेळाडूंसाठी वापरला जाणारा उष्णतेचा निर्देशांक नुसती हवा मोजत नाही. त्यात ओल्या फुग्याच्या तापमापकाला 70 टक्के वजन, ऊन शोषणाऱ्या काळ्या गोळ्याला 20 आणि आपल्या नेहमीच्या तापमापकाला अवघे 10.

2014च्या ब्राझीलमधील विश्वचषकात हा आकडा 32च्या वर गेल्यास पाण्यासाठी खेळ थांबवावा, असा नियम होता. फोर्तालेझाला 29 जूनच्या नेदरलँड्स-मेक्सिको सामन्यात तो थांबला. डच प्रशिक्षक लुई व्हान गाल यांनी तेवढ्या अवकाशात डावपेच बदलले आणि हरत आलेला सामना जिंकला! 2022मध्ये कतारच्या उन्हाळ्यापायी अख्खी स्पर्धा नोव्हेंबर-डिसेंबरात गेली. पृथ्वी तापते आहे तसतसे फुटबॉलचे पंचांगही सरकते आहे. 2026च्या स्पर्धेसाठी तर हवामान कसेही असो, दोन्ही अर्धांत तीन-तीन मिनिटांचा विराम फिफाने ठरवून टाकला.

यातले पुष्कळसे मला 2019च्या मे महिन्यातही ठाऊक होते, अडचण तीच आहे.

आमच्याकडे मोकळी जागा म्हणजे दोन गोदामांच्या मधली. रविवारी दुपारी तिथे ट्रेलर नसतात, म्हणून मुलांचे सामने दुपारी. दोन्ही बाजूंचे पत्रे तापलेले, मधे सिमेंट. शिट्टी माझ्या हाती. मराठीचा मास्तर पंच म्हणून चालतो, कारण त्याच्याशी कोणी वाद घालत नाही. पुतण्या जवळ येऊन म्हणाला, "काका, पाणी." मी घड्याळ पाहिले. मध्यंतराला सहा मिनिटे होती. दुसऱ्या कोणी मागितले असते तर कदाचित थांबवला असता खेळ. पण हा घरचा, लोक पक्षपात म्हणतील, असे मनात आले. मी "खेळ" म्हणालो.

तीनेक मिनिटांनी तो खाली बसला आणि मग आडवा झाला. हात लावला तर त्वचा भाजत होती. ओला टॉवेल, रिक्षा, दवाखाना, सलाईन. रात्री तो शुद्धीवर नीट बोलू लागला.

वहिनींना मी ऊन लागल्याचे सांगितले. त्याने पाणी मागितले होते, हे सांगितले नाही. त्यानेही सांगितले नाही.