मैना का गेली?

एखादा बोलपट कसा आहे हे जाणून घ्यायचे असेल, तर तो पाहून आलेल्या माणसाला मुळीच विचारू नये. तो बोलपटाविषयी सांगायला सुरुवात करतो आणि पाचव्या वाक्याला स्वतःविषयी सांगू लागतो. मात्र तो माणूस कसा आहे हे जाणून घ्यायचे असेल, तर याहून सोपा उपाय नाही. लग्न जमवणाऱ्या मंडळींनी पत्रिका पाहण्याआधी दोन्ही पक्षांना एकेक बोलपट दाखवावा, अशी माझी फार दिवसांची सूचना आहे. ती आमच्या घरातसुद्धा कोणी मनावर घेत नाही, हा भाग वेगळा.

या कामासाठी मी ‘माणूस’ची शिफारस करीन. प्रभात फिल्म कंपनीचा हा कृष्णधवल चित्रपट १९३९ सालचा. दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचे, संगीत मास्टर कृष्णरावांचे. शाहू मोडक यात पोलीस शिपाई गणपत झाले आणि शांता हुबळीकर वेश्या मैना. धाडीच्या रात्री गणपत मैनेला वाचवतो. त्यातून ओळख होते आणि ओळखीतून प्रेम. तिला त्या वस्तीतून बाहेर काढावे, घर द्यावे, असे त्याला मनापासून वाटते. घर तिलाही हवे असते. पण गणपतच्या आईच्या सोज्ज्वळ घरात आपल्याबरोबर आपला पूर्वेतिहासही पाऊल टाकणार, या विचाराने तिचा धीर सुटतो. ती निघून जाते. पुढे छळणाऱ्या नातलगाचा तिच्या हातून खून होतो, ती तुरुंगात पडते आणि गणपत सोडवायला उभा असताना सुटका नाकारते.

मैना का गेली? ती गेली हे बरोबर झाले का? या दोन प्रश्नांवर आमच्या घरात तीन पिढ्या वाद चालला आहे. आजोबांनी हा बोलपट ऐन तारुण्यात पुण्याला पाहिला होता. त्यांचे मत असे, की मैना शहाणी म्हणून गेली. नाही तर त्या भल्या शिपायाची नोकरी, अब्रू आणि म्हातारी आई, तिन्ही गेली असती. वडिलांनी तो पुढे पाहिला. त्यांच्या मते दोष गणपतचा. प्रेम करण्याचे धैर्य आहे आणि चार लोकांना सुनावण्याचे नाही, हे कसले प्रेम? आजी दोघांचे ऐकून घेत असे आणि चहाचे पेले उचलता उचलता म्हणे, “तुम्ही दोघेही गणपतविषयीच बोलताहात.”

आजीचे ते वाक्य मला फार उशिरा उमगले. ‘माणूस’मध्ये मैना एकच गाणे अनेक भाषांत गाते, ज्या प्रांताचा रसिक, त्याची भाषा. सगळ्यांच्या भाषेत गाणाऱ्या या बाईला स्वतःचे म्हणणे कोणत्या भाषेत सांगावे, ते मात्र सापडत नाही. आणि तिच्याविषयी भांडणाऱ्या प्रेक्षकांनाही ते विचारावेसे वाटत नाही.

मी आंबेगाव तालुक्यातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. विशीतल्या मुलांना प्रेमकथा शिकवणे हे जोखमीचे काम आहे. शरच्चंद्रांच्या ‘देवदास’ला आता शंभर वर्षे उलटून गेली, पण दर वर्षी माझ्या वर्गात एखादा नवा देवदास दाढी वाढवून शेवटच्या बाकावर बसतोच. कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने १९३५ साली प्रमथेश बरुआंकडून ‘देवदास’ पडद्यावर आणला आणि प्रेमभंगानंतर पिऊन पिऊन मरणे ही देशभर एक सुंदर गोष्ट होऊन बसली. शांतारामांना हे मानवले नाही. ‘माणूस’ हे त्यांनी दिलेले उत्तर होते. मैना गेल्यावर गणपतही कोसळतो. पण मरत नाही. तो पुन्हा जगण्याकडे वळतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या एका देवदासाचे प्रकरण दाढीवर थांबले नाही. मुलगी दुसरीकडे दिली गेली आणि त्याने वर्गात येणे सोडले, मग जेवणे सोडले. एकदा विहिरीच्या काठावर बसलेला सापडला. वडील माझ्याकडे आले आणि “त्याला कुठंतरी चार माणसांत ठेवा, सर,” एवढेच म्हणाले. त्या डिसेंबरात राष्ट्रीय सेवा योजनेचे आमचे शिबिर आहुप्याला होते. मी त्यालाही घेऊन गेलो.

आहुपे म्हणजे तालुक्याचे पश्चिमेचे टोक. घोडेगाव मागे टाकावे, डिंभे धरणाचे पाणी मागे टाकावे, आणि रस्ता संपेल तिथे सह्याद्रीचा कडा. खाली एकदम मुरबाडचे कोकण. वस्ती महादेव कोळ्यांची. पावसाळ्यात भाताची खाचरे, एरवी बाळहिरडा वेचणे, आणि भैरवनाथाची देवराई, जिच्यातली काडीही कोणी घरी नेत नाही. शिबिराच्या तिसऱ्या रात्री शाळेच्या भिंतीवर पांढरी चादर ताणून आम्ही ‘माणूस’ लावला. गावातली माणसे घोंगड्या गुंडाळून आली. मला वाटले, रंग नाहीत, चित्र जुने. मंडळी अर्ध्यात उठतील. कोणी उठले नाही. या मुलखाला तमाशाचे वेड जुने, नारायणगाव जवळच. नाचणाऱ्या बाईवर जीव टाकणारी माणसे त्यांना नवी नव्हती.

बोलपट संपला आणि शेकोटीभोवती नेहमीचा वाद पेटला. आमची मुले आजोबांच्या आणि वडिलांच्या बाजूंनी जोरात भांडू लागली. तेवढ्यात मागे बसलेल्या एका म्हातारीने विचारले, “पर ती गेली कशापायी?”

एका मुलाने तिला सगळे समजावून सांगितले: लोकलाज, घराण्याची अब्रू, मनातली अपराधाची भावना. म्हातारीने शांतपणे ऐकले.

“गडी न्यायाला तयार व्हता ना? मंग पाट लावायचा आन् खाचरात उतरायचं. दोन आवण्या व्हईपर्यंत बोलत्यात लोकं. मंग त्यांना बी कामं असत्यात.”

पुष्कळ जण हसले; पण त्या म्हातारीच्या बोलण्यात विनोद नव्हता. तिच्या समाजात विधवेचा आणि काडीमोड झालेलीचा पाट लावण्याची रीत पूर्वापार आहे. मोडलेला संसार पुन्हा मांडणे तिला अशक्य वाटत नव्हते. मैनेची अडचण काय, हेच तिला कळेना! मी मनाशी म्हटले, ज्या उंबऱ्यापाशी मैनेचा धीर सुटतो, तो काही सृष्टीचा नियम नव्हे. तो आम्हा पांढरपेशांचा उंबरा आहे. आजोबांना तो दिसला नाही, कारण ते त्याच्या आत बसलेले होते.

एवढ्यात आमच्या देवदासाने त्या रात्रीचा पहिला प्रश्न विचारला. “आजी, आन् त्या गणपतनं काय करायचं आता?”

म्हातारीने त्याच्याकडे निरखून पाहिले. पोराचा चेहरा तिने वाचला असावा. “काय करायचं? रडायचं. येक पाऊसकाळ रडावं की. पर सकाळी उठून म्हशीला पानी दावायचं. तिला काय ठावं, तुझं काय हारपलं त्ये!”

पोरगा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी बंधाऱ्याच्या कामावर त्याने दगड उचलले आणि दुपारी पंगतीत दोनदा भाकरी मागून घेतली. त्याला बोलपटाने सावरले की म्हातारीने, हे मी सांगू शकणार नाही. बहुधा दोघांनी मिळून. तो बी. ए. झाला. आता मंचरला दुकान चालवतो, आणि त्याच्या लग्नात मी जेवून आलो आहे.

‘माणूस’वर पांडित्याने पुष्कळ बोलता येते. त्यातल्या छायाप्रकाशाविषयी जाणकारांनी लिहिले आहे, आणि ते वाचण्यासारखे आहे. पण त्यावरची साधी मते मला अधिक मोलाची वाटतात. मैना गेली ते योग्य झाले म्हणणाऱ्याला लोकांचे भय असते, गणपतला दोष देणाऱ्याला स्वतःचे जुने काहीतरी सलत असते, आणि “गेली कशापायी?” असे विचारणाऱ्याच्या घराचे दार बहुधा उघडे असते. हल्ली मी वर्गात हा बोलपट दाखवतो, तेव्हा मैना बरोबर की चूक, हा प्रश्न घालत नाही. मी मुलांना एवढेच विचारतो, की मैना तुमच्या दारात येऊन उभी राहिली, तर आत गेल्यावर घरात पहिले वाक्य काय बोलाल? मुले बराच वेळ गप्प बसतात. मीही त्यांना घाई करीत नाही.